बावन्न

रात्री लावली तेव्हा गाडी चारी पायांवर उभी होती.
सकाळी बघतो तर मागचा उजवा कोपरा बर्फात टेकलेला,
म्हाताऱ्या घोडीनं एक ढोपर मोडावं
आणि उठू की नको, विचारात पडावं तसा.
बावन्न.
शून्याखाली, असं इथे कुणी म्हणत बसत नाही.

व्लादिवोस्तोकहून आणलेली जपानी गाडी,
स्प्रिंगांच्या जागी हवा भरलेल्या रबरी पिशव्या,
आईच्या मणक्यांसाठी.
विकणारा म्हणाला होता, ढगावर बसल्यागत.
इथे ढग हिवाळाभर जमिनीवरच असतो,
आणि टोचतो.

वारवाराच्या गॅरेजपर्यंत फरफटत नेली.
ती खड्ड्यात उतरली, दिवा वर धरला,
पिशवीच्या घडीवरून नख फिरवलं.
"रबर म्हणू नकोस याला. वाळकं कातडं झालंय."
मग व्हॉल्व्ह उघडला.
आत ज्वारीच्या दाण्याएवढा
बर्फाचा खडा.

"हवेला बोल लावू नकोस, उइगुलान.
हवा बिचारी थंडीत अंग चोरते, इतकंच.
दगा देतं ते तिच्यातलं पाणी.
ओलावा शोषणारी डबी सप्टेंबरात बदलायची होती.
बदललीस?"
मी माझ्या हातमोज्यांकडे बघत राहिलो.

"नळ्यांत स्पिरिट घाल, गाडी रोज उबेत ठेव,
नाहीतर ते बघ."
फळीवर ग्रीस माखलेली पोलादी स्प्रिंगांची जोडी.
"असल्याच पोलादावर माझ्या बापानं चाळीस हिवाळे ट्रक हाकला.
पोलाद तसंच राहिलं. बाप वाकला."

मी पोलाद घेतलं. पैसे मोजताना लाज वाटली.

हांदिग्याच्या वाटेवर पहिल्याच खड्ड्याला आरशात पाहिलं.
आई गप्प.
मोतीबिंदूनं तिला काचेपलीकडचं दिसत नाही,
आणि काचेवर तसाही बर्फच.
अल्दान नदीवर उतरलो,
चाकांखाली भेगा आल्या: टक, टक,
मग जरा थांबून, टक.
"नदी लागली," ती म्हणाली.

पलीकडच्या काठावर गाडी उसळली.
"हा लार्चचा उतार.
तुझा बाप इथे दर वेळी गिअर चुकायचा."
मी काहीच बोललो नाही. ती बोलत राहिली,
प्रत्येक हादऱ्याला एकेक नाव,
काही मला ठाऊक असलेली, बरीचशी नसलेली.
"त्या पिशव्यांवर कळायचंच नाही रे कुठे आहोत.
वाटायचं, कुठेतरी नेतायत मला
आणि कुणी सांगत नाहीये."

रात्री पाठ दुखली तिची, व्हायचं तेच.
चरबी चोळून दिली. कण्हत झोपली.
बाहेर इंजिन सुरूच ठेवलेलं,
चारी कोपरे उभे.

पिशव्या कोठीत पडल्यात.
एप्रिलात बघू, म्हणालो.
"कशाला," आई म्हणाली झोपेतच,
की दुसऱ्याच कुणाला म्हणाली, कळलं नाही.