दोनशे मिली

शुक्रवारची उपासना संपली की
मनामातल्या भाड्याच्या खोलीत
शांतवनभाऊंना मध्ये बसवतात.
पाळक तेलाची बाटली उघडतात.
गावी, नेवाशाला, शेंगदाण्याचं चालायचं;
इथं जैतुनाचं स्वस्त.
एसी खडखडतो. कुणी मराठीत, कुणी तेलुगूत,
एक मल्याळी बाई नुसतीच रडते,
सगळे एकदम, कुणी कुणासाठी थांबत नाही.

मीही हात ठेवते पाठीवर,
बरगडीखाली, मूत्रपिंडं असतात तिथं.
क्रिएटिनिनचा आकडा
मीच वाचलाय, त्यांच्याआधी.
आज रात्री दाखल करायचंय.
अकरा उन्हाळे सळया बांधल्या या माणसानं,
पाणी जपून प्यायला,
कारण संडास सात मजले खाली.

“पूर्ण बरं कर, प्रभो!” खोली म्हणते.
माझ्या तोंडून तेवढं मोठं निघत नाही.
मी म्हणते, सकाळपर्यंत
दोनशे मिली लघवी होऊ दे.
तूही देहात राहून गेलास,
तुझ्यापुढं लाज कसली.

शनिवारी, सहाची पाळी.
भांडं उजेडाला धरलं.
एकशे नव्वद.

तक्त्यावर लिहिलं.
दहासाठी घासाघीस करावी का, असं क्षणभर वाटलं.
मग आमेन म्हटलं
आणि भांडं धुवायला नेलं.