पाच किलो

स्वयंपाकघर एकोणीस पायऱ्या खाली आहे.
हे मी पूर्वी कधी मोजलं नव्हतं.

जुलैतल्या त्या पहाटे नळाचा ओघळ
दवाखान्याच्या दारातच गोठून बसला होता,
आणि मी अंड्यांचा ट्रे घेऊन त्यावर पाय दिला.
तीस अंडी. सत्तावीस फुटली.
गुडघ्यातून आला तो आवाज त्यांचा नव्हता,
ओली फांदी पिळावी तसा होता.
पडल्यापडल्या मनात हिशेब चालू :
वॉर्डात नऊ मुलं, अंडी तीन.

मासेरूचा हाडांचा डॉक्टर फेब्रुवारीत बघणार.
तोवर पट्टा, कुबडी
आणि चाकांची ही खुर्ची,
जिचं एक चाक लेसोथोच्या सरकारसारखं
आपल्याच चालीनं चालतं.

पूर्वी मी उभ्याउभ्या सांगायचे :
मीठ कमी, पापा अर्धी मूठ कमी,
पालेभाजी जास्त, घेवडा रोज.
आणि पुढची खाट.
आता बसल्या जागेवरून दिसतं
खाटेखाली काय काय असतं ते.
प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले बूट,
घरून आणलेला, झाकून ठेवलेला आंबील मोतोहो,
आणि टोकेलोचे डोळे,
जे माझ्या डोळ्यांच्या उंचीवर
इतके दिवस होते आणि मला माहीत नव्हतं.
चौदा महिने. सहा किलो शंभर ग्रॅम.
दंडाची पट्टी लाल.
त्याची आजी मे मापुलेंग दोन डोंगर ओलांडून घोड्यावरून आली,
घोंगडीला छातीवर मोठी टाचणी,
घोंगडीत टोकेलो.
तिनं माझ्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि विचारलं, "तुला कोण भरवतं?"

न्ताते लेबूसा तेवीस वर्षं जमिनीखाली होता,
परक्या मुलखातलं सोनं खणत, बहुतेक गुडघ्यांवर.
साखरेच्या आजाराला तीन वर्षं झाली.
तीन वर्षं मी त्याला सांगतेय, रोज अर्धा तास चाला,
तीन वर्षं तो म्हणतोय, "हो, मे."
काल त्यानं पँट वर सरकवून
आपले गुडघे माझ्या गुडघ्याशेजारी मांडले,
बाजारात भाव विचारण्याआधी बटाटे मांडावेत तसे.
एकही शब्द नाही.
मी वहीत काहीतरी लिहीत राहिले. काय, ते आठवत नाही.

दुपारी फिजिओची पोरगी आली, शिकून नुकतीच परतलेली,
लेराटोंग, हातात माझीच फाईल.
पट्टा सैल करून, हलक्या आवाजात,
जसं मीच शिकवलं होतं नव्यांना, समोरच्याला दुखवू नये म्हणून,
म्हणाली, "ताई, पाच किलो कमी झाले
तर गुडघ्याला बरं वाटेल."
मी म्हणाले, "हो."

तोच हो.
लेबूसाचा. किती जणांचा.
दार हळूच लोटून घ्यावं तसा.
मी तो इतकी वर्षं वहीत
'समजलं' म्हणून लिहून घेत होते.

संध्याकाळी वीज गेली.
मी पायऱ्या उतरले बसून, एकेक,
कुबडी पुढे सोडून देत, ती खडखडत आपली आधी पोचणार.
सातव्या पायरीवर दम खाल्ला. बाराव्यावर रडले थोडं,
अंधार होता म्हणून.
खाली चूल, चुलीपाशी न्थाबेलेंग,
जी माझ्या आहारतक्त्यांना "तुझी ती पत्रं" म्हणते.
हसली नाही. उठवायलाही आली नाही.
वाटीत घेवडा आणि ज्वारी, वाफ येत असलेली, पुढे सरकवली.
सकाळपासून मी चहा-पावावर होते,
हे तिला कोणी सांगितलं कुणास ठाऊक.

पहिला घास अळणी लागला. मी मीठ मागितलं.
तिनं मेणबत्ती उचलून भिंतीवर धरली.
माझ्याच अक्षरातला कागद,
कडेला तुपकट बोटांचे ठसे :
मीठ कमी.

"माझं आज चालेल," मी म्हटलं.
"सगळे हेच म्हणतात," ती म्हणाली,
आणि मिठाचा डबा
माझ्या हाताला लागेल न लागेल
इतक्या अंतरावर ठेवून
पातेली घासायला वळली.

परवा टोकेलो सहा किलो दोनशे ऐंशी.