पान म्हणजे भाकरी

मांडीवर सूप. सुपात पानं, तंबाखू, कात्री.
कानात इअरफोनचं एकच बोंड, दुसरं मुकं झालंय.
त्यातून एक बाई म्हणते, माझ्यामागून म्हणा: ओला.
ओला म्हणजे नमस्कार.
मी हातातल्या पानाकडे बघते.
रात्रभर गोणपाटात होतं, ओलंच आहे.
नमस्कार, म्हणते त्याला.

वेणूनं तिकडं चिलीत लग्न केलं,
तांब्याच्या खाणीत मशिनं दुरुस्त करतो तो.
सुनेचं नाव रोसिओ. जानेवारीत येणार, गड्ड्याच्या जत्रेला.
वेणू म्हणाला, आई, इंग्लिशनं भागेल.
म्हटलं, ते तरी कुठं येतंय मला?
शून्यापासूनच शिकायचं, तर तिचंच शिकते.
घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी, भाजीवालीशी कानडी.
एक ताट आणखी वाढायचं, एवढंच.

व्याकरण नको, म्हणाले मी.
तिला चहात साखर किती विचारता आलं पाहिजे
आणि ती रुसली, तर का ते कळलं पाहिजे.

उनो, दोस, त्रेस. विड्या मोजत जाते.
वेइंतिसिंको झालं की कट्टा बांधते.
परवा चेकरनं मूठभर छाट काढली
तर तोंडातून निघून गेलं: क्वारेंता!
त्याला वाटलं, तेलुगूत शिवी दिली.
तेलुगू त्यालाही येतं,
म्हणून बराच वेळ विचारात पडला.

त्यांच्यात मी आहे म्हणायला दोन शब्द.
कायमची असेन तर सोय. आत्तापुरती असेन तर एस्तोय.
दमलेली एस्तोय.
सोय कुणाकुणाची आहे, ते मोजत बसले नाही.

पान म्हणजे भाकरी, असं ती बाई म्हणाली.
कात्री थांबली माझी.
तीस वर्षं झाली, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

चौथ्या धड्यात आलं: आय आग्वा? पाणी आहे का?
वाटलं, ही बाई नक्की आमच्या विडी घरकुलात राहून गेलीय,
पाचव्या दिवशी, रिकाम्या पिंपाशेजारी.

ह लिहितात, पण बोलत नाहीत.
आमच्या ह्यांच्यासारखाच तो.
घरात असतो, आवाज नसतो.

एकतीस वर्षं मागावर गेली ह्यांची, कान तिथंच राहिले.
तिथं सगळे ओठांवरूनच बोलतात,
सूत तुटलं, चहा आला, मालक आला.
हे मोबाईल उभा करून त्या बाईचं तोंड बघत बसतात,
आवाज बंद. मग माझं बघतात.
म्हणतात, तिचा र सरळ चालतोय.
तुझा धोटा मध्येच अडकतोय.
परत म्हण.
लग्नानंतर इतका वेळ
माझ्या तोंडाकडे बघितलं नव्हतं ह्यांनी.
सुताला इलो म्हणतात, हे सांगितलं
तर हसले. इल्लु? घर?
नाही हो, सूत.
तेच की, म्हणाले.

रविवारी फोन आला. इथं सकाळ, तिथं रात्र.
मी पदर नीट केला. ओला, रोसिओ. कोमो एस्तास?
तिनं दोन्ही हात गालांवर ठेवले
आणि काहीतरी भरभर बोलायला लागली,
तेवढ्यात आवाज गेला.
चित्र चालू, ओठ चालू. मी नुसती मान हलवतेय.
ठोकून बघितलं, बोंड काढलं, परत घातलं.

हे मागून वाकले, डोळे बारीक केले.
पाणी आलं का विचारतीय, म्हणाले.
कुठल्या भाषेत?
आपल्या.

आपल्या कुठल्या, हे विचारणार होते,
पण बाहेर यल्लव्वा ओरडली,
नळाला हवा सुटली होती,
मी फोन ह्यांच्या हातात दिला आणि घागर घेऊन पळाले.
मागं वळून बघितलं तर
हे पडद्यासमोर तोंड मोठं उघडून, सावकाश,
एकेक अक्षर दाखवत होते तिला.