जायच्या आधी, देओलिंदा

गुरुवारी चारला ना? मग दोनच्या आत जेव,
आणि सार्डिन नको. तासभर पालथं झोपायचंय,
मासा वर येतो. मी भोगलंय.
जाळीवाल्याच्या दुकानावर जिना आहे,
कठड्यावर भार टाकू नकोस, डगमगतो.

आधी एव्हारिस्तू एक कागद देईल.
घाबरू नकोस, बँकेचा नाही तो.
रक्तदाब, गोळ्या, कुठे काय कापलं-शिवलं,
कशाने अंगावर पित्त उठतं.
पोटरीतली ती रक्ताची गाठ, तीही लिही,
'आता बरी आहे' म्हणून गाळू नकोस.
'डॉक्टरला विचारून या' म्हणाला तर रागावू नकोस.
ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्या बायका आपण,
मी तर भांडं घरीच ठेवून गेले होते.
लिहिलं, 'मान थोडी धरते.'
त्याने वाचलं, विचारलं, "थोडी म्हणजे किती वर्षं?"
एकेचाळीस.

कपडे. हो, येते त्यावरच.
तू विचारलं नाहीस, पण आठवडाभर
टाचणी-टाचणीपाशी अडखळतेयस, मला दिसतं.
जेवढे काढवतील तेवढेच काढ.
तो बाहेर जातो, दार लावून घेतो,
परत येताना टकटक करतो.
अंगावर चादर असते. जिथे काम, तेवढीच दुमडतो.
पोटावरचा व्रण, नडगीवरचे केस, तुझी ती वाकडी करंगळी,
त्याने सगळ्या पेनिश गावाच्या पाठी पाहिल्यात.
मी मात्र मोजे ठेवले होते.
दोन्ही. जूनमध्ये.

दुखलं तर बोल.
मी दात आवळून "छान, छान" म्हणत राहिले.
त्याने हात थांबवला. म्हणाला,
"पाठ एक सांगतेय, बाई, तुम्ही दुसरंच."
'बास' हा शब्द तुझा. हवा तेव्हा वापर,
कारण देत बसू नकोस.
मी तो आजवर कुत्र्याखेरीज कुणाला म्हटला नव्हता.

आता जे सांगायला बसले होते ते.
त्या टेबलाला डोक्याशी एक भोक असतं,
त्यात चेहरा ठेवायचा.
खाली दिसते नुसती फरशी
आणि येणारे-जाणारे त्याचे बूट.
डाव्या बुटाची लेस सुटली होती.

देओलिंदा, आपण लेसवाल्या.
सहा वर्षांची होते तेव्हापासून या बोटांनी
सुटलेला धागा सुटा राहू दिलेला नाही.
तो खांद्याच्या पात्याखाली अंगठा रोवून
काहीतरी शोधत होता,
आणि माझी बोटं टेबलाखाली लोंबकळत
हवेतच फिरक्या फिरवत होती,
उजवी वरून, डावी खालून, पीळ, पुन्हा.
सांगू का, पडाल म्हणून?
की वाकून मीच बांधू, अशी, चादरीसकट?
बराच वेळ ती लेस फरशीवरून ओढली जाताना पाहत होते.

मग कधीतरी पाहत नव्हते.
कुठे गेले होते ते विचारू नकोस.
झोप नव्हती ती. घोरले म्हणे.
एवढंच कळलं, की बोटं थांबली होती,
आणि हाताच्या अंतरावर कुणाचीतरी लेस सुटलेली असताना
मी काहीही केलं नव्हतं.

उठताना झटकन उठू नकोस.
कुशीवर हो, पाय खाली सोड, बस जराशी.
पाणी पी. दुसऱ्या दिवशी अंग ठणकेल, कुणी चोपल्यासारखं,
तिसऱ्या दिवशीही उतरलं नाही तर त्याला फोन कर, मला नको.
बरं, मलाही कर.
आणि त्या संध्याकाळी लोडापाशी बसायचं नाही.
वेदीची पट्टी अर्धी आहे, राहू दे अर्धी,
टाचण्या कुठे पळून जात नाहीत.

हो, आणि खाली बघशीलच तू,
अजून सुटलेली असते का ते.
मला सांगू नकोस.
शुक्रवारी माझी वेळ आहे.