फळ्यांमधली फट

पन्नास वर्षांचा इतिहास एका पानात बसव,
असं समितीनं सांगितलं.
समितीत आता चौघंच. त्यातली एक मी.
आठवडाभर तो कागद चहाच्या कपाखाली पडून आहे.

आधी ट्रक आला, हे तरी नक्की.
डेस कॉरिगनचा, एरवी मेंढ्या वाहणारा.
त्यावरून नदीपलीकडचं एक रिकामं घर आलं,
मधोमध कापलेलं,
अर्धं मंगळवारी, अर्धं बुधवारी,
खिडकीला कुणाचा तरी पडदा तसाच.
दोन्ही अर्धी जोडली तेव्हा जमिनीच्या फळ्यांत
बोटभर फट राहिली.
"बसेल आपोआप," डेस म्हणाला.
बसली नाही.

सभेच्या वहीत पहिल्याच पानावर:
हजर सात. शिल्लक एकोणीस डॉलर चाळीस सेंट.
ठराव एकच : वाळू कोण आणणार.

त्या फटीत काय काय गेलं!
मणी, मटार, रंगाच्या कांडीची टोकं,
तामाचा दुधाचा दात
(त्यासाठी अख्खा वर्ग पोटावर झोपून खाली बघत होता),
आणि एका दुपारी, पीठ मळताना काढून ठेवलेली
हुहानाची लग्नाची अंगठी.

मग हुहानाची आई येऊन बसू लागली कोपऱ्यात.
फक्त माओरीत बोलायची, मुलांशीही, चहाच्या किटलीशीही.
यावर सभा झाली. रात्री अकरापर्यंत.
नऊ विरुद्ध आठ, म्हातारी राहिली.
आठांतल्या एक मिसेस प्रिचर्ड.
पुढच्या हिवाळ्यात त्यांच्याच नातवानं
रिकामा पेला पुढे करून म्हटलं, "वाई."
बाई काही बोलल्या नाहीत.
त्यांनी पाणी ओतलं.

ज्या वर्षी मांसाचा कारखाना बंद पडला
त्या वर्षाबद्दल वहीत फार कमी आहे.
एकेचाळीस मुलं होती, अकरा उरली.
सकाळचा भोंगा वाजेना, तरी सगळे त्याच वेळेला जागे.
बाप मुलांना सोडायला यायचे
आणि दारातच घुटमळायचे, हात खिशात घालून.
लांगीनं एकाला आत ओढलं, पुढ्यात कणकेचा गोळा टाकला.
वीस वर्षं सुरी धरलेली ती बोटं
दिवसभर ससे करत राहिली.
दुसऱ्या दिवशी तिघं आले.

पुरात फळ्या उचकटाव्या लागल्या.
खाली चिखलात सगळं सापडलं,
दातसुद्धा, अंगठीसुद्धा.
हुहानानं ती धुतली, उजेडात धरली.
नवऱ्याला सोडून तिला तेव्हा सहा वर्षं झाली होती.
"होती तिथेच बरी होती," म्हणाली,
आणि फळ्या परत बसवताना टाकून दिली आत.
सुतार म्हणाला, फट बुजवून देतो, फुकटात.
मुलांनी ऐकलं. मग काय, गोंधळच.
फट राहिली.

एवढं लिहून पान भरलं.
आणि सुरुवात तर राहूनच गेली,
ट्रकच्याही आधीची.

कारखान्याच्या कुंपणाबाहेर रात्रपाळीच्या गाड्यांची रांग.
पहाटे साडेचार, जून महिना, गवतावर बर्फाची साय.
आया आत पट्ट्यापाशी उभ्या,
आणि बाहेर गाड्यांच्या काचांवर आतल्या बाजूनं वाफ.
कारखान्याची नर्स नायरी पोताए
पाळी संपवून घरी निघाली होती.
ती थांबली.
गाड्यांना थंडीत वाफ धरत नाही आतून,
आत कुणी श्वास घेत असल्याशिवाय.

तिसऱ्या गाडीत मी होते.
चार वर्षांची, आईच्या कोटात गुंडाळलेली, जागी.
काचेवर बोटानं घर काढत होते.
छप्पर झालं, दार झालं,
आणि दारातून
टॉर्च धरलेली एक बाई आत बघत होती.

हे पानात कुठे घालू?
समिती म्हणते, तारखा हव्यात.
तारीख मला माहीत नाही.
घर अर्धंच काढून झालं होतं.