तिसरी काचपेटी

दर दुसऱ्या गुरुवारी मी कोचाबांबाहून बस धरते
आणि ओरुरोला उतरल्यावर पहिली पंधरा मिनिटं
कुणाशी बोलत नाही.
इथं हवा विरळ. ज्याचा त्याचा श्वास मोजूनमापून.
फक्त तिसऱ्या काचपेटीत
प्राणवायू उतू गेला होता.

आली तेव्हा आठशे नव्वद ग्रॅम. सत्ताविसावा आठवडा.
नाव नायरा. आयमारात त्याचा अर्थ डोळा.
नाव ठेवलं तेव्हा डोळ्याचं काहीच निघालं नव्हतं.

बाप, सेवेरो ताकिचिरी, हुआनुनीच्या कथिल खाणीतला,
टोपी हातात चुरगाळत दारात.
'सरळ सांगा, डॉक्टर.'

सरळ सांगायचं तर,
डोळ्याच्या तळाशी पडदा, त्यात एक ठिपका.
तिथून रक्ताच्या वाटा कडेकडे निघतात,
आईच्या पोटात, अंधारात, बेताबेतानं.
पुढच्या पेशींना भूक लागते.
भुकेल्या पेशी एक प्रथिन सोडतात, ती त्यांची हाक.
हाक जिथं दाट, तिकडं वाट वळते.
सगळ्यात पुढची पेशी बोटं पसरून चाचपत जाते
आणि शेजारणीच्या अंगाला अंग लावून
दुसऱ्याच एका प्रथिनानं बजावते:
तू नाही. तू मागं राहा. तू नळी हो.

सेवेरो मान हलवतो.
'पुढं ड्रिलवाला एकच. बाकीचे मागून लाकडं लावत येतात.
सगळेच घुसले, तर डोंगर बसतो.'

तेच.
तुमची लेक तेरा आठवडे आधी आली.
फुप्फुसं चालेनात, आम्ही हवा दिली, भरपूर दिली.
पडद्याचं पोट भरलं. हाक थांबली,
वाटा जिथल्या तिथं.
मग पडदा वाढला, भूक वाढली,
आणि कोंडलेली हाक एकदम फुटली.
आता शिरा येतायत, पण पडदा सोडून वर,
ठिसूळ, सगळ्याच ड्रिलवाल्या.
आकसतील तेव्हा पडदा ओढून नेतील.

चूक कुणाची, हे त्यानं विचारलं नाही.
उत्तर मी बसमध्ये तयार करून आणलं होतं.

रात्री साडेआठला सुई.
सिस्टर फेलिसानं डोकं धरलं, दोन्ही तळव्यांत मावलं.
मिलिलिटरचा चाळिसावा भाग.
औषधही प्रथिनच, हाकेला कवळून गप्प करणारं.
किती गप्प करायचं, ते नेमकं कुणालाच ठाऊक नाही.
थोडी हाक उरायला हवी,
नाहीतर वाटा कडेला पोचायच्याच नाहीत.

आई बाहेर बाकावर, दूध काढून बाटलीत भरत होती.
म्हणाली, नायरा म्हणजे डोळा,
आणि होऊन गेलेलंही. ते समोर असतं, दिसतं.
येणारं पाठीमागं असतं.
मग बाटलीवर तारीख लिहून द्यायला सांगितलं,
तिचं पेन चालत नव्हतं.

पुढच्या गुरुवारी माझी पाळी नव्हती.
तरी आले.
बस उशिरा पोचली, पंधरा मिनिटं थांबले नाही,
धापा टाकतच भिंग धरलं.

वरच्या शिरा फिकट पडल्यात.
खाली, पडद्यातून, कडेच्या पांढऱ्या भागाकडं
एक बारीक रेघ सरकलीय.
की मागच्या वेळी मला दिसली नव्हती?

कागदावर पेन्सिलीनं काढून ठेवली आहे.