कापलेली पट्टी

पाच तारीख उलटली की मल्लेशम कुरापाटी येतात.
पुण्याहून मुलाचे पैसे आलेले असतात.
चादरीच्या तुकड्याची शिवलेली पिशवी,
आत चार डॉक्टरांच्या चार चिठ्ठ्या
घडीवर फाटायला आलेल्या.
मी वाचतो, पट्ट्या काढतो, कात्री चालवतो.
भवानी पेठेत सात वर्षं हाच व्यवहार.
"पंधरा नको, दहाच काप," म्हणतात.
मी दहा कापतो.

चोवीस मागांच्या खडखडाटात
कुठल्या मागाचा धोटा अडखळला
हा माणूस डोळे मिटून सांगायचा.
कारखाना बंद पडला तरी
गल्लीतून जाताना अजून थांबतो,
कान देतो, म्हणतो, "तिसऱ्याचा पट्टा सैल झालाय."

स्वतःच्या आतला आवाज मात्र
त्यालाही कळला नाही,
मलाही.

आता रात्री शटर ओढल्यावर
मी उलटं मोजत जातो.
दाबाच्या गोळीने पाय सुजले.
सूज पाहून दुसऱ्याने लघवीची दिली.
ती रात्रीतून चारदा उठवायची,
म्हणून तिसऱ्याने झोपेची.
गुडघ्याची होतीच, तिने पोट जाळलं,
पोटाची सुरू झाली.
गुडघ्याच्याच गोळीने दाब पुन्हा चढला,
आणि पहिल्या डॉक्टरने पहिली गोळी दुप्पट केली.
कच्चा विणकर तुटलेल्या दोऱ्याची गाठ
चादरीच्या पोटात दडवतो, तसं.
वरून बघा, मोर अगदी सरळ.

यातही एक औषध दोनदा होतं.
हिरव्या खोक्यात एका नावाने,
पांढऱ्या खोक्यात दुसऱ्या नावाने.
दोन्ही माझ्या हाताने,
एकाच पिशवीत,
वर खोकल्याच्या दोन गोळ्या सुट्ट्या पैशांऐवजी.

नळाला पाणी पाचव्या दिवशी,
तेही रात्री अडीचला.
झोपेची गोळी अंगात, दाब तळाला,
हातात घागर.
शेजारच्या यल्लूबाईंना आधी घागरीचा आवाज आला,
मग बराच वेळ नुसता नळाचा.

सिव्हिलमध्ये पाच दिवस
ते नर्सला तेलुगूत विनवत होते,
"मग्गम आपंडी, मग्गम आपंडी."
माग थांबवा.
वय झालंय, सून म्हणाली.
वय झालंय, मीही मान हलवली.
मीठ उतरलं होतं रक्तातलं.
लातूरकडची एक पोरसवदा डॉक्टरीण,
आवाजच मुळात मोठा तिचा,
सुनेला म्हणाली, "घरात आहे नाही ते सगळं आणा,
उशीखालचंसुद्धा."
पलंगावर पिशवी पालथी झाली:
चौदा प्रकार,
गड्ड्याच्या जत्रेतलं सांधेदुखीचं चूर्ण,
यल्लूबाईंनी मायेने दिलेल्या दोन लाल गोळ्या,
ज्यांचं नाव यल्लूबाईंनाही ठाऊक नाही.
ती एकेक उचलत विचारत गेली,
"ही कशासाठी?"
घरातलं कुणी सांगू शकेना.
मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.
पण सात वर्षांत
मी तरी त्यांना कुठे विचारलं होतं?

काल आले. हातात काठी.
चिठ्ठी एकच, तिच्यावर पाच नावं.
स्टुलावर बसले, पाणी मागितलं,
मग तीच पिशवी काउंटरवर रिकामी केली.
"हे परत घे. चुकीचं नाही, जास्तीचं झालं."

माझ्या डोक्यावर पाटी आहे:
कापलेली पट्टी परत घेतली जाणार नाही.
अक्षर माझंच. लाल रंगात.
मी गल्ल्यातून तीनशे चाळीस काढून दिले.
त्यांनी दोनदा मोजले,
बोटांवर अजून दोऱ्याचे वळ आहेत,
आणि दहाची नोट परत सरकवली,
"एवढं जास्त झालं."

ते गेल्यावर पुढचं गिऱ्हाईक,
आजोबाच, विजापूर वेशीकडचे.
तीन चिठ्ठ्या पुढे केल्या.
कात्री उचलली होती मी.
खाली ठेवली.
"बसा," म्हटलं,
"घरी आणखी काय काय घेता?"
त्यांनी संशयाने पाहिलं माझ्याकडे,
मागे रांग कुरकुरली.